घरी एचडी केबल बसवताना: भिंतीतल्या वायरपासून पडद्यापर्यंत

दर महिन्याला एचडी पॅकचे पैसे भरायचे आणि पडद्यावर मात्र साधंच चित्र बघायचं, असं कितीतरी घरांत वर्षानुवर्षं चालू असतं. घरच्यांना ते कळत नाही, कारण चित्र येतंय, आवाज येतोय, तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. बॉक्स एचडीचा असतो, टीव्ही नवा असतो आणि दोघांच्या मध्ये पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जुनी वायर लावलेली असते. आपल्याकडे त्या पिवळ्या पिनेतून ५७६ ओळींच्या वर चित्र जातच नाही. एचडीच्या १०८० ओळी बॉक्सपर्यंत येतात आणि तिथेच अडतात.

एचडी चित्र खरोखर घरात यायचं तर पाच गोष्टी जमून याव्या लागतात: टीव्ही, बॉक्स, पॅक, एचडीएमआय वायर आणि बाहेरून येणारी केबल. एक कच्ची निघाली की उरलेल्या चारांवरचा खर्च वाया जातो. म्हणून सुरुवात केबलवाल्यांना फोन करायच्याही आधीपासून करू.

आधी टीव्हीची मागची बाजू बघा

एचडीएमआयचं किमान एक खाचं रिकामं हवं. भिंतीला लावलेल्या टीव्हीत ते मागे किंवा बाजूला असतं. मोबाइलचा टॉर्च लावून फोटो काढा आणि त्या खाच्यावरचा आकडा लिहून ठेवा, कारण नंतर रिमोटवरून तोच निवडायचा आहे. ज्या खाच्यावर ‘एआरसी’ लिहिलंय ते साउंडबारसाठी मोकळं ठेवा.

‘एचडी रेडी’ टीव्हीचा पडदा साधारण १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो, ‘फुल एचडी’चा १९२० बाय १०८० आणि ‘फोर-के’चा ३८४० बाय २१६०. आपल्याकडचे एचडी चॅनल १०८०आय या प्रकारात येतात, म्हणजे १९२० बाय १०८०. तिन्ही प्रकारच्या टीव्हीवर ते चालतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी मात्र एचडी घेऊ नका, पैसे फुकट जातील. अंतराचाही विचार करा. ३२ इंची टीव्ही दहा-बारा फुटांवरून बघत असाल तर फरक कमी जाणवतो. ४३ इंची सहा-आठ फुटांवरून बघितला की नऊवारीच्या काठावरची बुट्टी वेगळी ओळखू येते.

केबलवाल्यांना काय विचारायचं

तुमच्या गल्लीतले केबलवाले म्हणजे स्थानिक ऑपरेटर. त्यांना सिग्नल आणि बॉक्स पुरवते ती वरची मोठी कंपनी. बॉक्सवर नाव त्या कंपनीचं असतं, पण वायर, जोड आणि दुरुस्ती स्थानिक ऑपरेटरकडे असते. पुढे तक्रार करताना हा फरक कामी येतो.

मुंबईत २०१२ च्या नोव्हेंबरपासून डिजिटल बॉक्स सक्तीचा झाला, पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत २०१३ मध्ये, आणि गावोगावी हे काम मार्च २०१७ पर्यंत चाललं. त्या काळात बसवलेले बॉक्स डिजिटल आहेत, पण त्यातले पुष्कळसे एचडी नाहीत. मागे एचडीएमआयचं खाचं दिसलं म्हणून बॉक्स एचडीचा आहे असं समजू नका. साध्या बॉक्सलाही कधी कधी ते असतं. ‘हा बॉक्स एचडी चॅनल दाखवतो ना?’ असं थेट विचारा आणि समोर एखादा एचडी चॅनल लावून घ्या.

यापुढचे प्रश्न पैशांचे. बॉक्स विकत मिळणार की भाड्याने? भाड्याचा असेल तर अनामत किती आणि परत कधी मिळते? वॉरंटी किती दिवसांची? बसवण्याचे, सुरू करण्याचे पैसे वेगळे आहेत का? जुलै २०२४ पर्यंत ट्रायने, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाने, यावर मर्यादा घातली होती: बसवण्याचे जास्तीत जास्त ३५० रुपये, सुरू करण्याचे १००. आता ती मर्यादा नाही, त्यामुळे रक्कम आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

फॉर्म भरताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. त्यात मोबाइल नंबर तुमचाच घाला. घाईघाईत ऑपरेटरचा माणूस स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो आणि मग ओटीपी, पॅक संपल्याचा मेसेज, तक्रार क्रमांक सगळं त्याच्याकडे जातं. पॅक बदलायलासुद्धा त्याची वाट बघावी लागते. बॉक्सच्या खाली चिकटवलेल्या कागदावर बॉक्सचा आणि कार्डाचा नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा, कारण एकदा बॉक्स शोकेसमध्ये गेला की तो कागद वाचता येत नाही.

पॅक: एकच चॅनल दोनदा घेऊ नका

बिलाचे तीन भाग असतात. पहिला नेटवर्क शुल्क, म्हणजे लाइन वापरायचे पैसे. त्यालाही पूर्वी २०० चॅनलांपर्यंत कराव्यतिरिक्त १३० रुपयांची मर्यादा होती. तीही जुलै २०२४ मध्ये निघाली, म्हणून वेगवेगळ्या भागांत आकडा वेगळा दिसू शकतो. दुसरा भाग सुट्या चॅनलांचा किंवा पॅकचा. तिसरा जीएसटी, १८ टक्के.

गफलत होते ती दुसऱ्या भागात. एखाद्या वाहिनीचा साधा आणि एचडी असे दोन चॅनल एकाच पॅकमध्ये ठेवायला नियमानेच बंदी आहे. पण तुमचा जुना साधा पॅक चालू ठेवून वर एचडी पॅक चढवला, तर तेच चॅनल दोनदा घेतल्यासारखं होतं आणि पैसे दोन्हींचे जातात. एचडी घेताना जुना पॅक बंद करायला स्पष्ट सांगा आणि दुसऱ्या महिन्याचं बिल ओळ न ओळ वाचा.

घरात जे चार-सहा चॅनल रोज लागतात त्यांचीच एचडी आवृत्ती घ्या. मराठी मालिका, क्रिकेट, सिनेमा यांत फरक ठळक दिसतो. बातम्यांसाठी साधा चॅनल पुरतो, आणि बऱ्याच वृत्तवाहिन्या साध्याच येतात.

एचडी चॅनलचा नंबर साध्या चॅनलपेक्षा वेगळा असतो. आजी-आजोबांच्या बोटाला जुना नंबर बसलेला असतो, ते तोच दाबतात आणि पैसे भरूनही साधं चित्र बघत राहतात. नवे नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून रिमोटजवळ चिकटवा, किंवा बॉक्सच्या ‘फेव्हरिट’ यादीत टाकून द्या.

वायर: खरी मेख इथेच

घरात आधीपासून असलेली वायर नीट बघा. जाड काळी किंवा पांढरी गोल वायर असते, तिच्यावर दर फुटा-दोन फुटांवर अक्षरं छापलेली असतात. ‘आरजी-६’ असं वाचता आलं तर चांगलं. ‘आरजी-५९’ असेल, किंवा काहीच छापलेलं नसेल आणि वायर चिमटीत सहज दबत असेल, तर ती बदला. आरजी-६ ची जाडी जवळजवळ ७ मिलिमीटर असते, आतली मधली तार १ मिलिमीटरची. वायर ७५ ओहमची असावी लागते.

एचडी आलं की वायरीचा दोष का उघडा पडतो, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. केबलमधून चॅनल गठ्ठ्यांनी येतात. एक गठ्ठा ८ मेगाहर्ट्‌झचा, त्यात साधे चॅनल पंधरा-वीस बसतात, एचडीचे मात्र चार-सहाच. जागा वाचवायला काही गठ्ठे जास्त दाट भरलेले असतात आणि त्यांना अधिक स्वच्छ सिग्नल लागतो. म्हणून कच्च्या वायरीवर साधे चॅनल निमूट चालतात आणि एचडी चॅनलवर चौकोन फुटतात. शिवाय वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल वायरीत लवकर मरतो: ८६० मेगाहर्ट्‌झच्या आसपास आरजी-६ मध्ये १०० मीटरला साधारण २० डेसिबल घट होते. २० मीटरला झाले ४ डेसिबल. दर ३ डेसिबलला सिग्नल निम्मा होतो.

वायर लावताना कुठेही काटकोनात मोडू नका. कोपऱ्यावर तिला साधारण पाण्याच्या पेल्याच्या तोंडाएवढं वळण द्या. खिळ्याची क्लिप ठोकताना वायर चेपली गेली की आतला पांढरा फोम दबतो आणि ती वायर तिथे कायमची आजारी पडते. लाइटच्या वायरीपासून निदान चार-सहा इंच लांब न्या, एकाच पट्टीतून दोन्ही नेऊ नका.

बाहेरून वायर आत येते तिथे भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायला सांगा. आणि आत शिरण्यापूर्वी वायरीला खाली एक झोल ठेवा, म्हणजे पाऊस त्या झोलाच्या तळाशी ठिबकून जातो. झोल नसेल तर पाणी वायरीवरून थेट घरात, नाहीतर जोडात उतरतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पहिल्या पावसानंतर येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक इथेच सापडतं. मधली तार हिरवट-काळी पडलेली दिसली की पाणी शिरलंय असं समजा. नुसतं टोक कापून भागत नाही, चांगला चकचकीत भाग लागेपर्यंत वायर मागे कापावी लागते.

टोकाला लागतो एफ कनेक्टर, म्हणजे वायर बॉक्सला फिरवून लावायचं धातूचं टोक. तो नीट बसवणं हे दोन मिनिटांचं काम आहे, पण निम्मे बिघाड त्याच्यात असतात. बाहेरचं आवरण टोकापासून साधारण १३ मिलिमीटर सोला. त्यातली पुढची ६-७ मिलिमीटर मधल्या तारेपर्यंत पूर्ण उघडी करा, मागच्या ६-७ मिलिमीटरवर पांढरा फोम राहू द्या. बाहेरची जाळी मागे दुमडून आवरणावर घ्या. आता भिंग असेल तर भिंग लावून, नाहीतर उजेडात धरून टोकाकडे बघा: जाळीचा केसासारखा एखादा धागा मधल्या तारेला टेकलाय का? एवढासा धागा टेकला की शॉर्ट होतं आणि सगळे चॅनल एकदम जातात. सगळं साफ असेल तर कनेक्टर ढकला, फोम त्याच्या आतल्या तळाशी सपाट लागेपर्यंत. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर २-३ मिलिमीटर दिसायला हवी. आखूड राहिली तर बॉक्समध्ये टेकत नाही, लांब राहिली तर आतली पट्टी वाकवते. दाबायच्या हत्याराने बसणारा कनेक्टर घ्या. नुसता पिळून बसणारा सहा महिन्यांत सैल होतो. तार पिळून टेप गुंडाळलेला जोड कुठेही दिसला तर तो काढायला लावा. बाहेरच्या जोडांवर रबरी टोपी हवी.

स्प्लिटर आणि दुसरा टीव्ही

दोन टीव्ही म्हणजे दोन बॉक्स. एका बॉक्समधून वायरी फोडून दोन खोल्यांत नेल्या तर दोन्हीकडे एकच चॅनल दिसतो. दुसऱ्या जोडणीवर नेटवर्क शुल्क कमी घेतात का, ते विचारून घ्या.

स्प्लिटर म्हणजे येणारी केबल वेगवेगळ्या बॉक्सांकडे वाटणारा छोटा तुकडा. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडावर साडेतीन-चार डेसिबल खातो, चार तोंडांचा सात-आठ. दोनच टीव्ही असतील तर चार तोंडांचा लावू देऊ नका, ‘पुढे लागेल’ म्हणून तर नकोच. रिकामं राहिलेलं तोंड ७५ ओहमच्या टोपीने बंद करायला सांगा. उघडं ठेवलं तर सिग्नल तिथून उलटा फिरतो आणि काही ठरावीक चॅनलना त्रास देतो.

काम संपल्यावर माणसाला मीटर लावायला सांगा, आणि तो बॉक्सपाशी येणाऱ्या टोकाला लावायला सांगा, जिन्यातल्या डब्यावर नाही. साधारण ५० ते ६५ डेसिबल मायक्रोव्होल्ट आणि ‘एमईआर’ (सिग्नल किती स्वच्छ आहे याचा आकडा) ३० च्या वर असेल तर निर्धास्त राहा. सिग्नल ७५-८० च्या पुढे असणंही वाईट. अ‍ॅम्प्लिफायरच्या (सिग्नल वाढवणाऱ्या डब्याच्या) अगदी शेजारच्या घरात असं होतं आणि चित्र फुटतं. तिथे सिग्नल कमी करणारा छोटा पॅड लावतात. मीटर नसेल तर बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलचे दोन आकडे दिसतात, ताकद आणि दर्जा. दर्जाचा आकडा महत्त्वाचा.

जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्वतः हात लावू नका. काही लाइनींतून वीजही जाते.

हल्ली बऱ्याच सोसायट्यांत पातळ फायबर थेट घरापर्यंत येतं आणि एका छोट्या डब्यातून केबल बाहेर पडते. केबल टीव्हीच्या फायबरचा जोड हिरव्या रंगाचा असतो. त्याला निळा जोड जुळवून लावला तर दोघांची टोकं नीट मिळत नाहीत आणि सिग्नल पडतो. फायबरचं टोक बोटाने पुसू नका आणि वायर बोटाभोवती गुंडाळावी इतकी वळवू नका.

जोडणी आणि मांडणी

बॉक्स आणि टीव्ही दोन्ही बंद करा. केबल बॉक्सच्या ‘केबल इन’ किंवा ‘आरएफ इन’ला हाताने घट्ट फिरवून लावा, पकड नको. एचडीएमआय वायर दोन्ही टोकांना पूर्ण आत जाऊ द्या. दीड-दोन मीटरची साधी ‘हाय स्पीड’ वायर पुरते. महागडी सोन्याचा मुलामा दिलेली घेऊन चित्रात काडीचा फरक पडत नाही. पिवळी-लाल-पांढरी वायर काढूनच टाका. तिथेच राहिली तर उद्या कोणीतरी चुकून तीच निवडेल. मग आधी टीव्ही चालू करा, रिमोटवर ‘सोर्स’ दाबून लिहून ठेवलेला एचडीएमआयचा आकडा निवडा, त्यानंतर बॉक्स चालू करा.

पहिल्यांदा चालू केल्यावर बॉक्स चॅनल शोधतो. तुमचा पॅक वरून चालू केल्याचा संदेश बॉक्सपर्यंत पोचायला वेळ लागतो. ‘सबस्क्राइब नाही’ असं दिसलं तर एचडी चॅनल लावून बॉक्स अर्धा तास चालू ठेवा. सारखा बंद-चालू केलात तर तो संदेश चुकतो.

आता बॉक्सच्या सेटिंगमध्ये जा. चित्राचा प्रकार १०८०आय आणि ५० हर्ट्‌झ ठेवा. ६० हर्ट्‌झ निवडलेलं असलं की बातम्यांच्या खालची धावती पट्टी सरळ न धावता अडखळत जाते. डोळे दुखायला लागतात आणि कारण कोणाला सापडत नाही. आकार १६:९ ठेवा. आवाज येत नसेल तर ऑडिओ ‘डॉल्बी’वरून ‘पीसीएम’वर आणा. अनेक टीव्हींना बॉक्सचा डॉल्बी आवाज वाजवता येत नाही.

टीव्हीच्या बाजूनेही एक काम आहे. चित्राच्या आकारात ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘१:१’ अशा नावाचा पर्याय असतो, तो निवडा. तो निवडला नाही तर टीव्ही चित्र थोडं ताणून कडा कापतो: क्रिकेटच्या स्कोअरपट्टीचं टोक नाहीसं होतं आणि चित्रही किंचित पुसट होतं.

शेवटी परीक्षा. एचडी चॅनल लावा आणि टीव्हीच्या रिमोटवरचं ‘इन्फो’ बटण दाबा. कोपऱ्यात १०८०आय किंवा १९२०×१०८० दिसायला हवं. ५७६ दिसलं तर वायर किंवा सेटिंग चुकलंय. मग त्याच वाहिनीचा साधा चॅनल लावा, पुन्हा एचडीवर या, आणि श्रेयनामावलीतली बारीक अक्षरं, माणसाच्या केसांची कड, मैदानावरचं गवत बघा. फरक दिसला नाही तर बसवणारा माणूस घरात असतानाच सांगा.

बिघडलं तर आधी काय बघायचं

ठरावीक चार-पाच चॅनलच एकत्र फुटत असतील तर ते एका गठ्ठ्यातले आहेत. शेजाऱ्यांकडे तेच चॅनल लावून बघा. तिथेही फुटत असतील तर दोष लाइनीत आहे, तिथे ठीक असतील तर तुमच्या वायरीत. सगळेच गेले तर आधी जोड हाताने फिरवून घट्ट करा आणि बिल्डिंगच्या वीजपुरवठ्याची चौकशी करा. तुमच्या घरात लाइट असली तरी जिन्यातल्या अ‍ॅम्प्लिफायरची गेलेली असू शकते.

फोन टीव्हीजवळ आला की काही चॅनल फुटतात, अशी तक्रार खरी असते. मोबाइलचे काही सिग्नल ७०० ते ९०० मेगाहर्ट्‌झमध्ये चालतात आणि केबल ८६२ पर्यंत जाते. वायरीची जाळी विरळ किंवा जोड सैल असेल तर ते आत शिरतात. उपाय चांगली वायर आणि घट्ट कनेक्टर.

बॉक्स आपोआप बंद होऊन चालू होत असेल तर अ‍ॅडॉप्टर बघा. पुष्कळ बॉक्स १२ व्होल्टवर चालतात आणि बदली म्हणून वायफायचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला जातो, कारण पिन बसते. बॉक्सवर छापलेले व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. बॉक्स बंद शोकेसमध्ये, राउटरच्या डोक्यावर ठेवला तर उन्हाळ्यात तापून अडकतो. सगळ्या बाजूंनी चार बोटं जागा सोडा. वळवाचा गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग आणि केबल दोन्ही काढा. नुसता प्लग काढून भागत नाही, वीज केबलमधूनही येते.

यातून सुटलं नाही तर स्थानिक ऑपरेटरला फोन करा, पण सोबत कंपनीच्या ग्राहक सेवेकडेही तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा पुरावा राहत नाही. सांगताना ‘चित्र नीट येत नाही’ एवढंच म्हणू नका. कोणत्या नंबरचे चॅनल, किती वाजता, पाऊस होता का, सिग्नलच्या दर्जाचा आकडा किती, आणि शेजाऱ्यांकडे काय दिसतं, हे सांगा. म्हणजे येणारा माणूस योग्य वायर आणि कनेक्टर घेऊनच येतो.